बोटांचे वळण

मराठीत ‘वळण’ हा एक मोठा मौजेचा शब्द आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते आणि पोरालाही वळण असते. रस्ता जिथे दिशा बदलतो ते वळण, आणि माणूस जी दिशा सहसा सोडत नाही तेही वळणच! अक्षर नेटके असले की आपण त्याला वळणदार म्हणतो. आल्यागेल्यासमोर पोर नीट बोलू-वागू लागले की त्याला वळण लागले म्हणतो. आणि एखादे काम विचार न करता हातून होऊ लागले की ते अंगवळणी पडले म्हणतो. पोरांच्या अक्षरांना वळण लावण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. शाळेबाहेरच्या वेळात मी कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे मोठ्या तत्त्वज्ञानाच्या वाटेला मी जात नाही. पण वळण या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. मात्र आज मला अक्षरांच्या वळणाविषयी बोलायचे नाही. बोटांच्या वळणाविषयी बोलायचे आहे, आणि तेही संगणकाला काम सांगणाऱ्या, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींच्या बोटांविषयी.

फराळाच्या ताटाबरोबर हा कसला कोरडा विषय, असे कोणी म्हणेल. थोडा धीर धरावा. या विषयाच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीपर्यंत येऊन पोचतो.

ही मंडळी ज्या साधनात लिहितात त्याला ‘एडिटर’ म्हणतात. आमच्या संपादक महाशयांनी गैरसमज करून घेऊ नये. हा एडिटर कोणाचे लिखाण साभार परत पाठवीत नाही, जे येईल ते निमूटपणे सोसतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे निम्मे आयुष्य नव्या ओळी लिहिण्यात जात नाही; ते जुन्या ओळी शोधण्यात, हलवण्यात आणि पुसण्यात जाते. त्यासाठी दर वेळी हात उचलून माउसकडे न्यायचा आणि परत कळांवर आणायचा, म्हणजे चिमूटभर मिठासाठी प्रत्येक वेळी माजघरात फेरी घालण्यासारखे आहे. म्हणून दोन-तीन कळा एकदम दाबून काम उरकण्याच्या जवळच्या वाटा निघाल्या. त्यांनाच शॉर्टकट म्हणतात. चांगल्या एडिटरात अशा वाटा शेकड्यांनी मोजाव्या लागतात.

मौज अशी की या वाटा प्रत्येक एडिटरच्या गावात निराळ्या आहेत. उदाहरणादाखल एकच जोडी घेऊ : कंट्रोल आणि डी. मायक्रोसॉफ्टच्या २०१५ साली आलेल्या व्हीएस कोडमध्ये ही जोडी दाबली की समोरचा शब्द निवडला जातो. पुन्हा दाबली की तोच शब्द पुढे जिथे आला असेल तिथेही निवडला जातो, म्हणजे अनेक ठिकाणची दुरुस्ती एका दमात होते. २००१ साली आलेल्या इंटेलिजे आयडियात हीच जोडी चालू ओळीची दुसरी प्रत काढते. त्याच वर्षी आलेल्या एक्लिप्समध्ये ती चालू ओळ पुसून टाकते. विममध्ये ती मजकूर अर्धा पडदा पुढे सरकवते. ईमॅक्समध्ये ती पुढचे एक अक्षर खाते. आणि युनिक्सच्या काळ्या खिडकीत रिकाम्या ओळीवर दाबली तर ‘माझे बोलणे संपले’ असा तिचा अर्थ होतो आणि आपल्याला बाहेरची वाट दाखवली जाते. म्हणजे एका घरी जन्म, दुसऱ्या घरी मरण, तिसऱ्या घरी नुसते पुढे सरकणे आणि चौथ्या घरी निरोप! मी स्वतः मराठी लिहितो तो इन्स्क्रिप्ट कळफलकावर. भारतीय लिप्यांसाठी तो १९८६ साली प्रमाण ठरला. त्यात डीची कळ काय करते म्हणाल, तर अक्षराचा पाय मोडते.

यावर कोणी म्हणेल, बिघडले कुठे? चुकीची कळ दाबली तर कंट्रोल-झेड दाबून चूक परत घ्यावी. पण बहुतेक ठिकाणी चूक परत घेणारी ही जोडी युनिक्सच्या खिडकीत चालणाऱ्या विममध्ये दाबली, तर चूक तशीच राहते आणि विमच पडद्याआड जाते. ईमॅक्समध्ये मुरलेल्या माणसाला निवडलेला मजकूर कापायचा असला की त्याची बोटे कंट्रोल-डब्ल्यूवर जातात. तीच बोटे ब्राउझरमध्ये गेली की समोरचे पान बंद होते आणि अर्धे लिहिलेले पत्र नाहीसे होते. विममध्ये तर नवशिक्याची गत अभिमन्यूसारखी होते. आत शिरता येते, बाहेर पडता येत नाही. हे मी पदरचे सांगत नाही. विममधून बाहेर कसे पडावे, हा आपल्याकडचा प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला, असे प्रोग्रॅमरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने २०१७ साली जाहीर केले होते.

या सगळ्यांत बरोबर कोण? हा प्रश्न त्या मंडळींत जुना आहे, आणि त्यावरून भांडणेही पुष्कळ झाली आहेत. परंतु बोटांना हा प्रश्न पडत नाही. मुरलेल्या माणसाला विचारा, अमुक कामासाठी कोणत्या कळा दाबतोस? तो क्षणभर गोंधळतो, मग बोटे हवेत हलवून पाहतो, आणि मग सांगतो. माझेही तसेच आहे. ‘ज्ञ’ कोणत्या कळीवर आहे असे कोणी विचारले तर मला तोंडाने सांगता येत नाही. बोटाला मात्र ठाऊक असते. ज्ञान डोक्यातून उतरून हातात जाऊन बसते, तेव्हा डोके मोकळे होते. वळणाचे सगळे महत्त्व या मोकळेपणात आहे.

हे वळण मुळात येते कुठून? त्याचा इतिहास पाहिला तर मन थोडे नम्र होते. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने व्हीआय हा एडिटर लिहिला. तो ज्या यंत्रावर काम करीत होता त्याचे नाव एडीएम-३ए. त्या यंत्राला बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार कळांवरच बाण छापलेले होते. आज टॅब असते त्या ठिकाणी, करंगळीच्या टप्प्यात, एस्केपची कळ होती. आणि घरून काम करायचे तर टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे येत. तेव्हा शब्दांची उधळपट्टी परवडणारी नव्हती. जॉयने असे केले की एका अवस्थेत अक्षरे दाबली की ती उमटावीत, आणि एस्केप दाबून दुसऱ्या अवस्थेत गेले की तीच अक्षरे आज्ञा व्हावीत. एक्स म्हणजे अक्षर पूस, डी दोनदा म्हणजे ओळ पूस. आजचा विम हा याच घराण्यातला. नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ साली प्रसिद्ध केला आणि २०२३ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळला. मोबदला म्हणून त्यांनी एवढेच मागितले की जमल्यास युगांडातल्या गरजू मुलांना मदत करावी.

याच्या अगदी उलट मत लॅरी टेस्लर यांचे. ते कॅलिफोर्नियातच झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात होते. एकच कळ आता एक अर्थ सांगते आणि घटकाभराने दुसरा, हा माणसावर अन्याय आहे, असे त्यांना मनापासून वाटे. ‘अवस्था नकोत’ या अर्थाची अक्षरे त्यांनी आपल्या मोटारीच्या पाटीवरसुद्धा घेतली होती! कापा, नक्कल करा आणि चिकटवा ही आज घरोघरी चालणारी रीत त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आली. पुढे ते ॲपल कंपनीत गेले, आणि १९८३ च्या लिसा या संगणकात झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळांना ही कामे मिळाली. आज आपली शाळकरी मुलेही त्या चार कळांवर बोटे टाकतात, ती त्या वळणाने.

आपल्याकडे आश्रमातल्या मांजराची गोष्ट सांगतात. गुरुजी पूजेला बसले की मांजर मधे मधे येई, म्हणून ते मांजर बांधून ठेवीत. गुरुजी गेले, मांजर गेले; शिष्यांनी पूजेसाठी दुसरे मांजर विकत आणून बांधले. रूढीला हसायचे असले की ही गोष्ट हटकून निघते. एडीएम-३ए कधीच अडगळीत गेले, बाणांच्या कळा प्रत्येक कळफलकावर आल्या, तरी विमवाले एच, जे, के, एलवरूनच चालतात. तेव्हा हे मांजरच नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. या चार कळा उजव्या हाताच्या बोटांखालीच आहेत. बाणांच्या कळांकडे जायला हात उचलावा लागतो. म्हणजे ज्या कारणासाठी रीत पडली ते कारण गेले, पण त्या रीतीने मागाहून दुसरे कारण मिळवले. आपल्या कित्येक चालीरीतींचे असेच असते. मूळ कारण मेले एवढ्याने रूढी निरर्थक ठरत नाही, आणि रूढी जुनी आहे एवढ्याने ती अर्थपूर्णही ठरत नाही. ती आज काय करते, हे पाहावे लागते.

परंतु दुसऱ्याच्या बोटांना वळण लावणाऱ्यावर मात्र एक जबाबदारी येते. बेल लॅबोरेटरीज या अमेरिकेतल्या नामांकित संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ नावाचे एक अवजार तयार केले. त्याला द्यायच्या फाइलीत काही ओळींची सुरुवात टॅबनेच झाली पाहिजे, असा नियम त्यांनी घाईत ठेवला. डोळ्यांना टॅब आणि मोकळी जागा सारखीच दिसते. त्यामुळे हा नियम त्रासाचा आहे हे लौकरच ध्यानात आले. पण तोपर्यंत ते अवजार वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि ते बहुतेक मित्रच. त्यांची बसलेली घडी मोडू नये म्हणून फेल्डमन यांनी नियम तसाच ठेवला. पुढे ते अवजार जगभर गेले, आणि त्या न दिसणाऱ्या टॅबपायी आजही लोक कपाळाला हात लावतात.

ही गोष्ट ऐकून लोक हसतात. मला हसू येत नाही. बारा मित्रांना दिलेला शब्द पाळणारा माणूस वाईट कसा म्हणावा? पण जे अजून आलेच नव्हते, त्यांच्या बाजूने त्या दिवशी बोलणारे कोणी नव्हते. आज ज्यांच्या हाताला वळण बसले आहे त्यांचा हक्क, आणि उद्या ज्यांच्या हाताला बसायचे आहे त्यांचा हक्क, या दोहोंत निवाडा करायचा आहे. घरात, शाळेत आणि कायद्यातही आपण हरघडी हाच निवाडा करीत असतो.

माझा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात आहे. तेरा-चौदा वर्षे त्याने विमवर काम केले. त्याला काम करताना पाहणे म्हणजे एखाद्या चांगल्या पेटीवाल्याचा हात पाहण्यासारखे होते. एके दिवशी त्याच्या कचेरीत परिपत्रक निघाले : अमुक तारखेपासून सर्वांनी एकच एडिटर वापरावा, आणि त्याला बाहेरचे काहीही जोडू नये. विमच्या कळा समजून घेणारा जोड त्या एडिटरला मिळतो. पण बंदी झाली ती नेमकी जोडांवरच. त्या सुमारास तो माझ्याकडे जेवायला आला होता.

“मामा,” तो म्हणाला, “काय करायचे ते मला सगळे कळते. पण वाक्य मनात तयार असावे आणि जीभ दुसऱ्याची असावी, तसे झाले आहे.”

मी म्हणालो, “अरे, कळाच बदलल्या ना? महिन्या-दोन महिन्यांत हात बसेल.”

“बसेल हो. पण परवा एक साधी ओळ हलवायला मी माउस शोधत होतो. शेजारी माझ्या हाताखालचा पोरगा बसला होता. त्याने मान दुसरीकडे वळवली. तो हसला असता तर बरे झाले असते.”

ताटावरून उठता उठता तो म्हणाला, “बदलाचे दुःख नाही, मामा. कोणी विचारले नाही, याचे आहे.”

पुढे तीनेक महिन्यांत त्याच्या हाताने नवे वळण घेतले. जुनेही गेले नाही. माहेरची बोली आणि सासरची बोली एकाच तोंडात नांदावी तशी दोन्ही वळणे एकाच हातात नांदू लागली. आणि कचेरीची बाजूही ऐकली पाहिजे. बाहेरून आणलेल्या जोडातून कधी कधी चोरही आत येतो. शिवाय सगळ्यांची यंत्रे सारखी असली तर एकाच्या जागी दुसऱ्याला बसता येते. हे हेतू काही वाईट नव्हेत. पण चौदा वर्षांची कमाई एका कागदाने मोडीत निघाली, आणि ती कमाई होती हे त्या कागदाच्या गावीही नव्हते. माणसाच्या पगारातले शंभर रुपये कापायचे तर त्याला कारण सांगावे लागते. त्याच्या हातातले वळण कापायचे तर कोणी कारण सांगत नाही, कारण ते कोणत्याही वहीत मांडलेले नसते.

आणि इथे मला आपल्या स्वयंपाकघरातली फळी आठवते. फळीवर डबे ओळीने मांडलेले असतात : मोहरी इथे, हळद तिथे, मीठ खालच्या बरणीत. घरच्या बाईचा हात दिवे गेले तरी चुकत नाही. पिढ्यान् पिढ्या आपण नव्या सुनेला सांगत आलो, “आमच्याकडे असे नसते.” माहेरी इतकी वर्षे जे हाताला बसले होते ते एक उंबरठा ओलांडताच चूक ठरले. डबा डावीकडे असावा की उजवीकडे, यात धर्म नव्हता आणि नीतीही नव्हती. पण वळण कोणाचे मोडायचे, हे मात्र नेहमी एकाच बाजूने ठरत होते. जिच्या हाती घर, तिचे वळण बरोबर. आणि जी नवी आली, तिचे वळण म्हणजे खोड! संगणकाच्या जगातही कित्येकदा हेच चालते. ज्याच्या हाती बाजार, त्याच्या कळा स्वाभाविक; आणि दुसऱ्याच्या कळा विचित्र. वस्तुतः कंट्रोल-डीला स्वाभाविक असा कोणताच अर्थ नाही. आपण ज्या घरात वाढलो त्या घराचा अर्थ आपल्याला स्वाभाविक वाटतो, इतकेच.

मग प्रत्येकाने आपापले वळण जपून ठेवावे, एवढे म्हटले की प्रश्न सुटतो काय? तोही सुटत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग आपोआपच होऊन गेला. सत्तरच्या दशकात तिथे टेको नावाचा एडिटर होता, आणि त्याला हव्या तशा नव्या आज्ञा शिकवता येत. हुशार मंडळी ती! त्यांनी आपापल्या सोयीच्या कळा बांधल्या, आणि निरनिराळी वळणे पडत गेली. होता होता असे झाले की एकाच्या यंत्रावर दुसरा बसला तर त्याला धड एक ओळ बदलता येईना. प्रत्येकाची सोय झाली, आणि सगळ्यांचे मिळून एकमेकांना साहाय्य करणे अवघड झाले. तेव्हा गाय स्टील यांनी या सगळ्या वळणांतून एक समाईक वळण काढायचे मनावर घेतले. पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम अंगावर घेऊन तडीस नेले. तोच १९७६ सालचा ईमॅक्स.

ईमॅक्सविषयी मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्याच्या कळांच्या नियमांत आहे. समाईक वळण ठरवताना त्यांनी एक जागा मोकळी ठेवली. कंट्रोल-सी दाबून त्यापुढे कोणतेही एक साधे अक्षर, ही जागा वापरणाऱ्या माणसाची. ईमॅक्ससाठी जे कोणी नवे जोड लिहितील त्यांनी त्या जागेत पाऊल ठेवू नये, असा लेखी संकेत आहे. जोड कितीही उपयुक्त असो, त्याचा कर्ता कितीही मोठा असो. ती जागा त्याची नव्हे. मला हा संकेत एखाद्या सुसंस्कृत घरासारखा वाटतो. घराची रीत एक असते, कारण ती नसेल तर चार माणसे एका छपराखाली राहणार कशी? पण त्या घरात एक कोनाडा असा असतो की तो सुनेचा. तिथे काय कसे ठेवायचे हे सासूनेही सांगायचे नाही.

आजच्या बऱ्याच एडिटरांनी पाहुणचाराचीही रीत शिकून घेतली आहे. इंटेलिजे आयडियात एक्लिप्सच्या, व्हिज्युअल स्टुडिओच्या किंवा ईमॅक्सच्या कळा निवडण्याची सोय आहे. व्हीएस कोडला विमच्या, सब्लाइमच्या, इंटेलिजेच्या कळा शिकवणारे जोड मिळतात. ‘तुम्ही आमच्याकडे आलात, पण हात मात्र तुमच्याच घरचा असू द्या,’ असे हे सांगणे आहे. त्यात व्यापाराची हुशारी नाही असे मी म्हणत नाही. गिऱ्हाईक आले पाहिजे, हा हेतू आहेच. पण व्यापाराच्या हुशारीतून का होईना, परक्याच्या वळणाला मान देण्याची रीत पडत असेल तर ती मला हवीच आहे. आणि दुसऱ्या बाजूला व्हीआय आहे. पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणग्रंथात त्याला जागा मिळाली, त्यामुळे दूरच्या देशातल्या अनोळखी यंत्रावर मध्यरात्री काम करायची वेळ आली तरी त्याच्या चार कळा बहुधा तिथे असतातच. गावोगावच्या धर्मशाळेसारखे हे आहे. धर्मशाळेत आपले घर थाटता येत नाही; पण घर नसलेल्या ठिकाणी तिचा आधार मोठा असतो. माणसाला दोन्ही लागतात.

आता उरली ती वळण ज्याच्या अंगी आहे त्याची बाजू. मनाला आवरण्यासाठी गीतेने अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगितली आहे. मला ही जोडी कळफलकासाठीही पुरेशी वाटते. अभ्यासावाचून हात चालत नाही. पण अभ्यासाविषयी थोडे वैराग्यही हवे. नाही तर माणूस कळांसाठी काम करू लागतो, कामासाठी कळा वापरीत नाही. माझ्या भाच्याचे हात तीन महिन्यांत पुन्हा बोलके झाले, कारण त्याचे प्रेम विमवर होते त्याहून त्याच्या कामावर अधिक होते.

परंतु या काळात एक निराळेच वळण बोटांना लागू पाहत आहे, आणि त्याविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येत नाही. २०२१ सालापासून एडिटरात असे साहाय्यक आले आहेत की ते पुढची ओळ आपणच सुचवतात. लिहिणाऱ्याने अर्धी ओळ लिहिली की उरलेली फिकट अक्षरांत समोर दिसते, आणि टॅब दाबली की ती आपली होते. होय, तीच टॅब, जिची गोष्ट वर सांगितली. सूचना पुष्कळदा चांगली असते, आणि माणसाचे कष्ट वाचतात. त्याला माझा आक्षेप नाही. पण आजवरच्या सगळ्या शॉर्टकटांत आणि या कळीत एक फरक आहे. आधीच्या कळा, काय करायचे ते माणसाने ठरवल्यावर, ते कसे करायचे एवढेच बोटांवर सोपवीत होत्या. ओळ पुसायची हे मन ठरवी. पुसण्याची क्रिया बोटे करीत. या नव्या कळीने बोटांवर होकार सोपवला आहे. आणि होकार एकदा अंगवळणी पडला, तर नकार द्यायला मन वेळेवर पोचेल काय?

माझ्या मते वळणाची मर्यादा इथे आहे. कसे करावे, हे खुशाल हातावर सोपवावे. करावे की नाही, हे हातावर सोपवू नये. नमस्काराला हात आपोआप जुळावेत हे वळण चांगले; पण कोणापुढे जुळावेत, हे आपोआप ठरू नये. मी पोरांच्या अक्षराला वळण लावतो ते त्यांनी जन्मभर अक्षरच घोटीत बसावे म्हणून नव्हे. अक्षराची चिंता सुटून, आपण लिहितो ते खरे आहे काय, याचा विचार करायला त्यांचे मन मोकळे व्हावे म्हणून. मन मोकळे झाले आणि त्या मोकळ्या वेळात झोपी गेले, तर वळण लावणाऱ्याचे आणि लावून घेणाऱ्याचे, दोघांचेही श्रम वाया गेले.

सणासाठी गावी निघालेली मंडळी या दिवसांत घाट चढतात-उतरतात. घाटातले वळण गाडी चालवणाऱ्याच्या हाताला पाठ असते. चाक किती फिरवायचे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तरीही ‘पुढे वळण आहे, सावकाश जा’ अशी पाटी प्रत्येक घाटात लावलेली असतेच. ती हातासाठी नसते. हात आपले काम करीत असताना डोळे उघडे राहावेत, म्हणून ती असते.